कोऱ्या रकान्यावरची सही

जे आता लिहितो आहे ते माझ्या तोंडून आजवर एकाही माणसाने ऐकलेले नाही — पत्नीने नाही, सख्ख्या भावाने नाही. जळगावात माझी चौकशी कराल, तर लोक म्हणतील, तो अर्जवाला म्हातारा ना? खरे आहे. नगरपालिकेला, वीज मंडळाला, एस.टी.च्या आगारप्रमुखांना मी पत्रे लिहीत आलो. कलम, पोटकलम, जावक क्रमांक यांसकट. जे पाहिलेच नाही त्याखाली ‘समक्ष पाहिले’ असे लिहून सही ठोकणाऱ्या माणसाचा मला मनस्वी संताप येतो. त्याला शिक्षा झालीच पाहिजे, असे मी शेकडो वेळा लिहिले आहे. तुम्ही माझे मित्र आहात असे समजून विचारतो — एवढा संताप कोणाला येतो? ज्याचा त्या गुन्ह्याशी काहीच संबंध नाही, त्याला?

सुरुवात कोठून करावी? कायदा सांगतो, घटनेपासून. पण माझी घटना धुळ्याच्या महाविद्यालयातल्या प्रयोगशाळेत, ऐंशीच्या दशकाच्या आरंभी रुजली होती, असे मला वाटते. वाटते एवढेच म्हणतो. त्या प्रयोगशाळेवर दोष ढकलण्याचा माझा हेतू नाही.

आम्ही काचेच्या नळीतून आम्ल थेंबथेंब सोडायचो आणि द्रावणाचा रंग पालटला की नळीवरचा आकडा टिपायचो. हे तीनदा करायचे असा नियम. वहीतल्या तक्त्यात तीन रकाने. करायचे मात्र सगळे एकदाच. प्रयोगशाळेतले परिचर नाना बाटल्या धुता धुता हसायचे, “पहिलं रीडिंग तुनं, दुसरं शेजारीनं, तिसरं देवनं!” त्यात एक कसब होते. तिन्ही आकडे सारखे लिहिले की सरांना संशय येई. म्हणून एखादा किंचित इकडेतिकडे ठेवायचा. खोट्याला थोडीशी चूक चिकटवली की ते खरे दिसते — हे मी तेथे शिकलो. त्यात मी वर्गात पहिला होतो.

त्याच शिक्षणाने मला भाकरी दिली, तीही मानाची. विद्यापीठातून एम.एस्सी. होऊन मी जळगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान कारखान्यात लागलो. साबण, धुण्याची पावडर, फरशीचे औषध असा माल. नवीन वस्तू शोधून ती बाजारात जाण्याजोगी करणे हे माझे काम. आणि मला ते काम येत होते, हे मी खोटा विनय न धरता सांगतो.

यावलच्या बाजूला केळीच्या बागांत राबणारी माणसे तुम्ही पाहिली असतील. केळीचा चीक कपड्यावर पडला की काळा डाग पडतो आणि तो जन्मभर जात नाही. लग्नाच्या पंगतीत सदऱ्यावरून माणूस ओळखू येतो — हा घड वाहणारा. तो डाग का बसतो आणि कशाने निघेल, हे मला माझ्या पुस्तकांनी सांगितले होते. मी एक पावडर तयार केली. तिच्यात ऑक्झॅलिक आम्ल होते. सुरुवातीला डाग नुसता फिका होई. मी आम्लाचे प्रमाण वाढवले आणि पांढरे धोतर पुन्हा पांढरे झाले. तो आनंद खोटा नव्हता. मग खोटे काय होते?

आम्ल कातडीला लागते, हे मला ठाऊक होते. म्हणून नियम मीच केला होता. तीन माणसांनी, पंधरा दिवस, सकाळ-संध्याकाळ त्या पाण्यात हात बुडवायचे आणि रोजची नोंद वहीत सहीनिशी ठेवायची. नियम उत्तम होता. मालक — आम्ही सगळे त्यांना आबा म्हणत असू — दारात उभे राहून म्हणाले, “साहेब, तुमचं ते टेस्टिंग होईस्तोवर बागेतली केळी पिकून गळतील!” आबा रागावले नव्हते. चेष्टाच करत होते. त्यांनी मला खोटे लिहायला सांगितले नाही — हे मी येथे स्पष्ट नोंदवतो.

मी माझा स्वतःचा हात पाच दिवस बुडवला. रोज एकदा. लगेच नळाखाली धुतला. काही झाले नाही. उरलेले मी खुर्चीत बसून लिहिले. दुसरा रकाना एका रखवालदाराच्या नावाचा. तो लवकरच नोकरी सोडून गावी गेला. तिसरा शेवंताबाईंच्या नावाचा.

शेवंताबाई पॅकिंगला होत्या. शिंदखेड्याकडच्या एका खेड्यातल्या, बौद्ध कुटुंबातल्या. नवरा हमाली करायचा. चाळिशीनंतर प्रौढ शिक्षणाच्या वर्गात जाऊन त्या सही करायला शिकल्या होत्या. पगाराच्या दिवशी त्या कारकुनाकडून पेन मागून घेत, पदराने हात पुसत आणि आपले नाव सावकाश, रेघ न सोडता काढत. रांगेतल्या बाया ओरडत, “ओ बाई, सही करी राह्यनी का रांगोळी काढी राह्यनी?” त्या हसत, घाई मात्र करत नसत.

मी वही त्यांच्यापुढे ठेवली तेव्हा रकाने कोरे होते. पंधरा ठिकाणी सही हवी, म्हणालो. कशासाठी, हे त्यांनी विचारले नाही. साहेबांना आपली सही पंधरा वेळा हवी आहे, याचे त्यांना अप्रूप वाटले असावे. त्यांनी पंधराही सह्या सुरेख केल्या. नंतर त्यांच्या डाव्या बाजूला मी मजकूर भरला. त्रास नाही. त्रास नाही. आणि सातव्या दिवसापुढे — माझे ते जुने कसब — ‘किंचित खाज’, नवव्यापुढे ‘खाज नाहीशी’.

पावडर चालली, भरपूर चालली. मला बढती मिळाली. चार महिन्यांत शेवंताबाईंच्या बोटांची साल निघू लागली. पुढ्यात पावडरीचा ढीग, उघडे हात, आठ तासांचा घाम — माझ्या पाच दिवसांच्या थंड पाण्याशी याची तुलना होईल का? नखे निळसर पडून सुटू लागली. त्यांना भाकरी थापता येईना. त्यांचे मागणे एवढेच होते की दुसऱ्या खात्यात काम मिळावे, आणि हात पावडरीने गेले असे लेखी मिळावे. दवाखान्यात कागद लागत होता. आबांनी नकार दिला. त्या कामगार अधिकाऱ्यांकडे गेल्या.

अधिकाऱ्यांनी आम्हा सर्वांना बोलावले. वही मीच नेली. त्यांनी ती शेवंताबाईंपुढे धरली आणि विचारले, ही सही तुमची का?

तुम्ही त्यांच्या जागी असता तर काय म्हणाला असता? ‘नाही’ एवढे एकच उत्तर त्यांना वाचवू शकत होते. मी आतून तेच इच्छीत होतो, की आणखी काही, हे आज सांगता येत नाही.

“सही मन्हीच शे, साहेब,” त्या म्हणाल्या. “पन मी त्यामा हात कधीच घालात नही. या साहेबले इचारा ना. त्यास्ले बठ्ठं म्हाईत शे.”

साहेब म्हणजे मी, सगळे माहीत असलेला. अधिकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिले. चाचणी आपल्यासमक्ष झाली? मी म्हणालो, होय. पंधराही दिवस? होय. त्यांनी सातव्या दिवसाच्या नोंदीवर बोट ठेवले आणि म्हणाले, “बाई, खाज आली तीसुद्धा लिहिली आहे यांनी. खोटं लिहिणारा माणूस हे कशाला लिहील?”

तक्रार निकाली निघाली. बाहेर येताच आबांनी माझा हात धरला. “तुमच्या वहीनं वाचवलं बघा आपल्याला!” शेवंताबाई जिना उतरत होत्या. माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, “जयभीम, साहेब.” रोजच्यासारखेच. मी वही काखेत घेतली.

आठवड्याने कारखान्याची बदनामी केल्याचे कारण देऊन त्यांना कामावरून काढले. शेवटच्या कागदावर सही करायला कारकुनाने पेन पुढे केले, तेव्हा त्यांनी ते घेतले नाही. अंगठा पुढे केला. अंगठ्यावर कातडीच धड नव्हती. कागदावर नुसता निळा डाग उठला आणि कारकून त्यांच्यावर खेकसला.

येथे थांबलो, तर तुम्ही म्हणाल, भ्याड होता बिचारा, तोंडून खरे निघाले नाही. तसे नाही. कायदा मी तेव्हाही वाचत होतो. अशा बडतर्फीविरुद्ध न्यायालयात जायला नव्वद दिवसांची मुदत असते, हे मला माहीत होते, त्यांना नव्हते. त्यांना कोणी सांगितले तर? वकील मिळाला तर? मी दिनदर्शिकेवर रोज एक बारीक टिंब देत गेलो. त्या न्यायालयात गेल्या नाहीत.

एक्याण्णवाव्या दिवशी मी पावडरीतले आम्ल निम्मे केले. डाग निघायला थोडा अधिक वेळ लागू लागला, एवढेच. त्याच दिवशी पॅकिंगच्या बायांना रबरी हातमोजे दिले. वहीत ‘बदलाचे कारण’ असा एक रकाना होता. त्यात मी लिहिले — खर्चात बचत.

हा बदल पहिल्याच दिवशी करता आला असता. मी केला नाही. कारण मुदतीच्या आत पावडर बदलणे म्हणजे दोष कबूल करणे, असा अर्थ न्यायालयात निघाला असता. ते नव्वद दिवस आणखी सहा बाया त्याच पावडरीत उघड्या हातांनी काम करत होत्या. रोज सकाळी कामावर जाताना मी त्यांच्यासमोरून जात होतो, आणि मला ठाऊक होते.