एक पाटा कमी

"आधी वजन दावा, मग पाटा मागा."

रिकामी गाडी घेऊन कुणी दुकानापुढं उभं राहिलं, की मिस्त्री हातातलं काम न थांबवता एवढंच म्हणायचे. गिऱ्हाईक कितीही मोठं असो, त्यानं माघारी जायचं आणि माल भरून यायचं. असा एखादा हट्टी कारागीर तुम्हीही पाहिला असेलच. अक्कलकोट रस्त्याला दुसरी दुकानं काय कमी होती? तरी लोक कुरकुरत जायचे आणि भरून परत यायचे. पाटे म्हणजे गाडीच्या मागच्या चाकांशी एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या. ओझं त्यांच्यावर बसतं, धक्के त्याच गिळतात. त्यांच्यातलं सगळं मिस्त्रींना हातानं कळायचं.

मी जुळे सोलापुरात राहतो, शाळेत शिकवतो. पण घर आमचं मेंढरांचं. दिवाळी झाली की दादा कळप घेऊन चराईला निघतो. मोठी मेंढरं चालत जातात. कोवळी कोकरं पिकअपमध्ये, आणि भांडी, जाळ्या, कोंबड्या असा सगळा संसार मागं जोडलेल्या ट्रॉलीत.

आम्ही मिस्त्रींकडं गेलो, त्याच्या आदल्या वर्षी ट्रॉलीच्या भारानं पिकअपचं बूड बसलं, तोंड वर उचललं गेलं, स्टेअरिंग हलकं पडलं आणि कुंभारीच्या पुढं एका वळणावर गाडी रस्त्याकडेच्या चरात गेली. पाच कोकरं मेली. तेव्हापासून दादाचं एकच पालुपद होतं, "औंदा वाटंत एक जरी गेलं, तर समदा कळप इकून टाकनार." आमच्या घरात ही काही थट्टेत बोलायची गोष्ट नव्हे.

मिस्त्रींची अट ऐकून होतो, म्हणून आम्ही शहाणपणा करून वाळूची पोती भरून नेली. त्यांनी पोत्यावर थाप मारली.

"ह्ये काय?"

"तेवढंच वजन हाय की," दादा म्हणाला.

"पोतं जागचं हलतंय का? कोकरू हलतंय. कोकरं आना."

दुसऱ्या दिवशी चाळीस कोकरं आणि मागं ट्रॉली अशी आमची वरात दुकानाच्या गल्लीत शिरली. रहदारी तुंबली. समोरचा चहावाला हसून बेजार झाला. एका कोकरानं मिस्त्रींच्या कमरेचा पट्टा चघळायला घेतला. वजन उचलू नका, गाडीखाली झोपू नका, असं बजावून डॉक्टरांनी तो पट्टा दिला होता. मिस्त्री पट्टा इमानानं बांधायचे आणि गाडीखाली झोपायचे.

"एक पाटा वाढवू," ते खालूनच म्हणाले.

"दोन घाला."

"वंदु साकू." चिडले की ते कन्नडवर जात. एक पुरे, म्हणाले.

"मेलेली कोकरं मी उचललीत मिस्त्री. दोन घाला."

मिस्त्रींनी दोन घातले. गाडी ताठ उभी राहिली, दादा खूश झाला. मग मिस्त्री हात पुसत म्हणाले, "आता मागं बसायचं. तुमी आन मी. मास्तर चालवतील."

कुंभारीपर्यंत जाऊन परत यायचं ठरलं. आरशात मला कोकरांच्या गर्दीत उकिडवे बसलेले दोन हट्टी गडी दिसत होते. गाडी दगडासारखी कडक झाली होती. प्रत्येक गतिरोधकाला कोकरं गुडघ्यावर पडत होती, आणि कमरेनं अधू असलेला तो माणूस ओठ घट्ट मिटून फळीला धरून होता. मी दोनदा थांबवली. दोन्ही वेळा त्यांनी हातानंच पुढं चला म्हणून खुणावलं.

परत आल्यावर दादा खाली उतरला आणि भलतीकडं बघत म्हणाला, "एक काढा."

"का हो? मजबूत झाली हुती की," मिस्त्री म्हणाले आणि पुन्हा गाडीखाली शिरले.

एक काढून झाल्यावर त्यांनी ट्रॉलीतला जड संसार पुढून उचलून तिच्या चाकांवर घ्यायला लावला, म्हणजे हुकावर भार कमी येतो. पुन्हा मागं बसून फेरी मारली. या खेपेला कोकरं उभी राहिली.

निघताना ते दादाला म्हणाले, "पोचला की कळवा."

"व्हय, व्हय," दादा म्हणाला, आणि कामाच्या रगाड्यात विसरला. त्याला बोल लावण्यात अर्थ नाही. मी तर दुकानापासून दोन मैलांवर राहत होतो. उद्या जाऊ, रविवारी जाऊ, असं करत मी अख्खा हिवाळा घालवला. याची मला लाज वाटते.

कळप परतला तेव्हा दादानं घरच्या लोकरीची घोंगडी विणून आणली होती. दुकान बंद होतं. चहावाल्यानं हात धरून बाजूला घेतलं आणि मिस्त्रींच्या घराची वाट दाखवली.

त्यांच्या बायकोनं दार उघडलं. आम्ही कोण ते सांगितलं, तशी ती माउली उंबऱ्यातच बसली.

"दवाखान्यात रोज इचारायचे, कोकरं पोचली का म्हनून. मला काय ठावं? शेवटाला मीच सांगितलं, पोचली म्हनून. जाताना त्यास्नी खोटं सांगितलं बगा, त्येच मनाला लागून ऱ्हायलंय."

दादा तिच्यासमोर खाली बसला. घोंगडी तिच्या मांडीवर ठेवली.

"खोटं न्हाय, आक्का," तो म्हणाला. "चाळीसच्या चाळीस पोचली."