साडूभाऊंची युद्धनौका

परका माणूस आपल्यापुढे गेला तर नशीब म्हणून सोडून देता येतं. साडू पुढे गेला तर ती सोय नाही. दोन्ही घरच्या बायका सख्ख्या बहिणी, त्यामुळे तिकडचं कौतुक तासाभरात इकडे पोचतं, तेही मीठमसाला लावून. आमच्या कवळीवाल्याचं दुखणं हेच होतं.

त्याला सगळे कवळीवालाच म्हणत. तीस वर्षं तो दंतवैद्यांना कवळ्या करून देत आला होता. कोणी हसून नमस्कार केला तरी हा आधी दात बघणार, मग माणूस. कामाची खोली घराला लागूनच होती. तिथल्या टेबलावर प्लास्टरची धूळ, मेण कापायची सुरी, घासायची छोटी यंत्रं आणि ओळीने मांडलेले जबडे. पण त्याचा जीव असायचा खिडकीजवळच्या दुसऱ्या टेबलावर. तिथे, भिंगाच्या दिव्याखाली, तो युद्धनौका बांधायचा.

ह्याला पोरखेळ म्हणणाऱ्याने एकदा करून बघावं. खऱ्या बोटीच्या साडेतीनशे पट लहान, जेमतेम हातभर लांबीची बोट. प्लास्टिकचे भाग खोक्यातून येतात, ते कोणीही जोडेल. कसोटी लागते ती पितळेत. कागदासारख्या पातळ पत्र्यावर रसायनाने कोरलेले कठडे, शिड्या, रडारच्या जाळ्या येतात. एकेक तुकडा ब्लेडने सोडवायचा, चिमट्याने उचलायचा, पोलादी पट्टीत धरून वाकवायचा आणि सुईच्या टोकावरच्या सुपरग्लूने बसवायचा. शिंक आली की शिडी गेली. मग गुडघ्यांवर बसून फरशी चाचपत बसा. कवळीवाल्याकडे दातांचीच हत्यारं असल्यामुळे त्याची मात्र चंगळ होती.

रविवारी सकाळी वाचनालयाच्या वरच्या खोलीत ह्या वेडाची दहा-बारा माणसं जमत. अकरा वर्षं तिथे कवळीवाल्याचा शब्द शेवटचा. कोणाची तोफ कलली आहे, कोणाचा कठडा पालथा लागला आहे, हे तो दारातूनच सांगायचा. ‘नजर आहे बुवा,’ असं लोक म्हणाले की दिवसभर त्याला भूक लागत नसे. बक्षिसं कपाटावर पडलेली असत, त्यांची धूळ बायको पुसायची. तेवढाच तिचा ह्या छंदाशी संबंध.

मग साडूचा पाय मोडला. साडू चष्म्याच्या दुकानात फ्रेमा जुळवायचा. दुकानाच्या पायरीवरून घसरला आणि दीड महिना प्लास्टरमध्ये अडकला. घरात पडून पडून तो सगळ्यांना सळो की पळो करू लागला, तेव्हा मेव्हणी काकुळतीला येऊन म्हणाली, भावजी, ह्यांच्या हाताला काहीतरी उद्योग द्या. कवळीवाल्याने मोठ्या मनाने एक खोकं दिलं. मोठं मन असं, की त्या खोक्यातले निम्मे भाग हरवलेले होते आणि ते त्याला तसंही टाकूनच द्यायचं होतं.

पहिलं वर्ष सुखाचं गेलं. साडू चुका करायचा आणि कवळीवाला सुधारायचा. चिमटा कसा धरावा, गोंद किती घ्यावा, पत्रा कुठल्या खाचेवर वाकवावा, सगळं त्याने हातचं न राखता शिकवलं. शिष्य चुकतो आहे तोवर शिकवण्यासारखं सुख नाही.

दुसऱ्या वर्षी साडू चुकेनासा झाला. बारीक स्क्रू फिरवून तयार झालेली ती बोटं. कठडा असा बसवायची की सांधा शोधून सापडू नये. गोंदाचा डाग नाही, पितळेला बाक नाही. कवळीवाला भिंग घेऊन शोधायचा आणि हात हलवत परत यायचा. त्यात बायको एकदा म्हणून गेली, त्यांची बोट बघितली की वाटतं, आत्ता हलेल. अकरा वर्षांत स्वतःच्या नवऱ्याच्या बोटींबद्दल ती एकच वाक्य बोलली होती: ही इथून उचलू का, मला कपडे ठेवायचे आहेत. कवळीवाल्याच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या दुपारी त्याने एका निष्पाप म्हाताऱ्याची कवळी इतकी घासली की ती पुन्हा करावी लागली.

मत्सर हा असा आजार आहे की त्यात माणसाला उलट ताकद येते. कवळीवाला दुप्पट काम करू लागला. आणि नेमकं तेव्हाच कप्तानांनी ती घोषणा केली.

कप्तान हे मंडळाचे अध्यक्ष. ते कधीच कप्तान नव्हते. तरुणपणी एका क्रूझर जातीच्या युद्धनौकेवर मागच्या तोफेत गोळे भरायचे. नाव मात्र चिकटलं. ती क्रूझर कधीच भंगारात गेली होती, तिचा खिळाही उरला नव्हता. आता बंदर कचेरीने तिच्यासाठी दर्शनी दालनात काचेचं एक कपाट द्यायचं कबूल केलं होतं. ज्याची बोट उत्तम, ती कपाटात जाईल, कायमची. आणि स्पर्धेत बोटीपुढे जे कार्ड ठेवलं असेल तेच, करणाऱ्याच्या नावासकट, तिच्याबरोबर जाईल. निवड कप्तान करणार.

कवळीवाल्याला दुसरं काही सुचेना. कवळी लोकांच्या तोंडात जाते, तिच्यावर कोणी नाव लिहीत नाही. तीस वर्षांचं सगळं काम असं लोकांच्या जबड्यांत गडप झालं होतं. ते कार्ड त्याला हवं होतं. आणि त्याहून जास्त, ते साडूला मिळायला नको होतं.

त्याने गोदीतून क्रूझरच्या बांधणीचे मूळ नकाशे मिळवले आणि आठ महिने त्यांच्याबाहेर रेघ काढली नाही. साडूही तीच क्रूझर करत होता. दोघं एकमेकांना कळू देत नव्हते असं नाही. साडू सगळं सांगायचा, न विचारता. कप्तानांकडे आज गेलो होतो, चहा घेतला, त्यांनी बोटीवरच्या खूप गोष्टी सांगितल्या, वगैरे. कवळीवाला मनात म्हणायचा, म्हाताऱ्याला लोणी लावतोय.

स्पर्धेच्या महिनाभर आधी, एका सकाळी साडू बोट घेऊनच आला. बुटांच्या खोक्यात, कापसावर. अजून रंग दिलेला नव्हता, त्यामुळे पितळ लखलखत होतं.

“रंग मुद्दाम थांबवलाय,” साडू म्हणाला. “साडूभाऊ, एकदा नजर टाका. तुम्ही हो म्हणालात की मगच रंगवतो.”

कवळीवाल्याने भिंग ओढलं. पुढच्या टोकापासून मागच्या तोफांपर्यंत सगळं चोख. शिड्यांच्या पायऱ्या मोजून घ्याव्यात अशा सरळ. आणि मग नजर डोलकाठीच्या टोकाला गेली.

रडार उलटं होतं. जाळीला आधार देणाऱ्या कांबी मागच्या बाजूला असतात. साडूने त्या पुढे घेऊन जाळी वाकवली होती. खोक्यातल्या पत्रकावरचं चित्र मागून काढलेलं असतं, त्यामुळे कांबी पुढे आहेत असं वाटून ही चूक होते. कवळीवाल्याला ती क्षणात दिसली, कारण पहिल्या बोटीवर त्याने स्वतः हेच केलं होतं आणि ती बोट त्याने माळ्यावर टाकली होती, कोणाला न दाखवता.

सांगायला चार शब्द लागले असते. साडू त्याच्या तोंडाकडे बघत होता, निकालाची वाट बघणाऱ्या पोरासारखा.

“झकास,” कवळीवाला म्हणाला. “हात लावायला जागा नाही.”

साडूचा चेहरा उजळला. त्याने कापूस पुन्हा नीट दाबून घेतला, चहा घेतला आणि गेला. बायकोने कप उचलता उचलता विचारलं, खरंच सगळं बरोबर होतं? हा खेकसला, मला काय विचारतेस, मी काय त्याचा मास्तर आहे? तिने कप जरा जोरात आपटला.

पुढचा महिना कवळीवाल्याने स्वतःची समजूत काढण्यात घालवला. झकास म्हणालो, ते खोटं कुठे आहे? झकासच आहे, एक जाळी सोडून. आणि स्पर्धेत समोरच्याची चूक कोण सांगतं? असे एकाहून एक मुद्दे त्याच्याकडे होते. एवढे मुद्दे लागावेत, ह्यातच काय ते समजून घ्यावं.

स्पर्धेच्या दिवशी लांब टेबलावर सात बोटी होत्या, पण बघणारे ह्या दोघांच्या बोटींपुढेच थबकत होते. कवळीवाल्याने साडूच्या बोटीचं फक्त रडार बघितलं. उलटंच होतं, आता करड्या रंगात. त्याला हायसं वाटलं. बोटीपुढचं कार्ड वाचायच्या भानगडीत तो पडला नाही. साडूचं नाव बघायची हौस त्याला नव्हती.

कप्तान आधी कवळीवाल्याच्या बोटीशी थांबले. काम स्वच्छ आहे, म्हणाले. मग मागच्या डेककडे बोट दाखवून सांगितलं की इथे कठडे नव्हते. तोफ फिरायला अडचण व्हायची म्हणून ते काढून आम्ही दोर बांधले होते. कवळीवाला म्हणाला, नकाशात कठडे आहेत. कप्तान म्हणाले, असतील, नकाशा काढणारा बोटीवर कुठे होता.

मग ते साडूच्या बोटीशी गेले. मागच्या डेकवर केसाएवढे दोर होते, थोडे सैल सोडलेले. कप्तान खूप वेळ वाकून राहिले. सरळ झाले तेव्हा त्यांचे डोळे ओले होते.

“इथे उभा असायचो मी,” ते म्हणाले. “हीच जाईल कपाटात.”

मेव्हणीने टाळी वाजवली. बायकोनेही वाजवली, आणि कवळीवाल्याच्या डोक्यात सणक गेली.

“रडार उलटं आहे,” तो म्हणाला.

त्याने पुढे होऊन सगळ्यांना समजावून सांगितलं. कांबी कुठे हव्यात, कुठे आहेत, जाळी कशी वाकायला हवी होती. त्याचा आवाज चांगला लागला होता. कप्तानांनी चष्मा लावून बघितलं आणि म्हणाले, खरं आहे, माझ्या लक्षातही आलं नसतं. कोणीतरी हळूच म्हणालं, नजर आहे बुवा.

साडूचा चेहरा उतरला होता. “आता सुलटं करता येईल?” त्याने विचारलं.

“नाही,” कवळीवाला म्हणाला. “पत्रा परत वाकवलात की घडीवर तुटतो. आणि आता रंग बसलाय, दोरे बांधलेत, ओढलंत तर डोलकाठीच खाली येईल. रंगाच्या आधी सोपं होतं. गरम सुई टेकवायची, गोंद सुटला असता. नवी जाळी बसवायला पाच मिनिटं.”

“रंगाच्या आधी,” साडू म्हणाला.

कप्तानांनी बोटीपुढचं कार्ड उचललं आणि मोठ्याने वाचलं. वर साडूचं नाव होतं. खाली कवळीवाल्याचं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. त्यापुढे लिहिलं होतं: ‘चिमटा धरायला ह्यांनी शिकवलं. रंग देण्याआधी प्रत्येक भाग ह्यांच्या नजरेखालून गेला आहे.’

कवळीवाल्याने कार्डाकडे पाहिलं. दोन्ही नावं सारख्याच मोठ्या अक्षरांत होती.

कप्तानांनी चष्मा काढला. “म्हणजे बोट तुम्ही बघितली होती. तेव्हा दिसलं नव्हतं का?”

दिसलं नव्हतं, एवढं म्हणाला असता तर सगळं निभावलं असतं. वय झालं, भिंग जुनं झालं, चुकतं माणूस. साडूने ते तिथल्या तिथे मान्य केलं असतं. त्याच्या तोंडावर ती आशा स्पष्ट होती. बायको खाली बघत होती. पण आजूबाजूला दहा-बारा माणसं होती, आणि एवढी मोठी चूक ह्याच्या नजरेतून सुटली असं त्यांना वाटणार होतं.

“दिसलं होतं,” कवळीवाला म्हणाला. “बघितल्याबरोबर दिसलं होतं.”

कप्तान म्हणाले, आमचं रडार तसंही बंदच असायचं, बोट हीच जाईल. कोणी हसलं नाही. साडूने त्यांच्या हातातलं कार्ड घेतलं, दुमडून खिशात ठेवलं आणि एक कोरं कार्ड मागितलं. खिडकीशी बसून त्याने नवं लिहिलं. फार वेळ लागला नाही, एकच नाव लिहायचं होतं.