दुग्गप्पा पंडिताच्या अंगणातल्या घंटा

बंगारी नाईककडे लोकांनी पहिल्यांदा मान वळवून पाहिलं, ते ती दुग्गप्पा पंडिताच्या अंगणात स्टुलावर चढली तेव्हा. त्याआधी ती कुणाच्या डोळ्यात भरावी अशी बाई नव्हती. सुपारी सोलणाऱ्या बायकांच्या रांगेत कडेला बसायची. विळीवर हात भराभर चालायचा, पण बोलणं इतकं हळू की शेजारणीला "काय म्हणालीस?" असं पुन्हा विचारावं लागे. त्या रविवारी मात्र तिचा आवाज फाटकापर्यंत पोचला.

दुग्गप्पाचं घर सिद्दापूरच्या पुढे, डांबरी रस्ता संपतो तिथे. रविवारी तो कॅन्सरवर औषध देई. कुठल्याशा सालीचं तांबूस चूर्ण, गाईच्या दुधातून घ्यायचं. अट एकच, औषध चालू असेपर्यंत दवाखान्याची पायरी चढायची नाही. ज्याला गुण येई तो आपलं नाव कोरलेली पितळी घंटा आणून अंगणातल्या तुळईला बांधी. वारा आला की सगळ्या एकदम वाजत. खाली बसलेली आजारी माणसं वर बघत आणि त्यांचे चेहरे जरा सैल होत. एकदा बांधलेली घंटा आजवर कुणी सोडलेली नव्हती.

बंगारीने कोयत्याने दोरी कापली.

"अगं बाई, काय करतेस? देवाची आहे ती!" दुग्गप्पा ओसरीवरून उठला.

"देवाची नाही, माझ्या नवऱ्याची आहे. नाव वाचा. तिम्मा नाईक. दिवाळीत गेला तो."

दुग्गप्पा परत ओसरीवर टेकला. मग शांतपणे म्हणाला, "पथ्य मोडलं असेल."

"शेवटी शेवटी त्याला थुंकीसुद्धा गिळता येत नव्हती, पंडित. काय खाऊन मोडलं त्यानं पथ्य?"

घंटा पदरात गुंडाळून ती निघून गेली.

तिम्मा सुपारीचे घड उतरवायचा. एका झाडावरून झोका घेऊन दुसऱ्यावर जायचा, अख्खी बाग संपेपर्यंत पाय जमिनीला लावायचा नाही. "खाली बायको आहे, वर बरं वाटतं," असं म्हणून बायकांना हसवायचा. गालात दिवसभर पान-सुपारी. तिथेच एक पांढरट व्रण उठला. हुबळीच्या डॉक्टरांनी सांगितलं, "वेळेवर आलात. गालाचा थोडा भाग काढू, मग रेडिएशनचा करंट देऊ. बरा होण्यासारखा आहे."

"अर्धं तोंड घेऊन झाडावर चढलो तर माकडं हसतील मला," तिम्मा परतीच्या बसमध्ये म्हणाला. तो थट्टा करत होता, पण त्याचा हात गालावरून हलत नव्हता.

मग कुणीतरी दुग्गप्पाचं नाव काढलं. बंगारीने त्या घंटा ऐकल्या आणि म्हणाली, "इथंच करू." थोड्याच दिवसांत गालातली आग कमी झाली. तिम्मा माशांची आमटी आणि भात पोटभर जेवला. दोघं सिरसीला जाऊन घंटा घेऊन आली. ती बंगारीनेच निवडली होती, पाच-सहा वाजवून बघून, जिचा आवाज लांब जातो ती.

पाऊस सरता सरता तिम्माच्या गालाला भोक पडलं. ती त्याला पुन्हा हुबळीला घेऊन गेली तेव्हा डॉक्टर कागदांकडेच बघत बसले. तिच्याकडे त्यांनी मान वर करून पाहिलं नाही.

तो गेल्यावर शेजारणी समजावायच्या, "मारम्मा देवीवर सोड, अक्का. ती बघून घेईल."

"मारम्माला सतरा कामं," बंगारी म्हणायची. "मला एकच आहे."

काही दिवस ती कनवटीला काड्यापेटी बाळगून होती. दुग्गप्पाचं छप्पर गवताचं, उन्हाळा जवळ आलेला. पण मग तिच्या लक्षात आलं, घर जळालेल्याला लोक नवं छप्पर घालून देतात, वर तांदूळही नेऊन देतात. त्याची कुणी कीव करावी हे तिला नको होतं. त्याची तुळई मुकी व्हायला हवी होती. म्हणून ती कोयता घेऊन गेली.

पण पुढच्याच रविवारी ती पाहायला गेली, तर तिम्माच्या घंटेच्या जागी दुसऱ्या कुणाची नवी कोरी घंटा लटकत होती. दुग्गप्पाने तिच्याकडे पाहून मान डोलावली, ओळखीच्या माणसाकडे पाहून डोलवावी तशी. ती डोलावलेली मान तिच्या जिवाला जास्त लागली.

तुळईवरची नावं तिने तिथं उभं राहून वाचली. चौथीपर्यंतची शाळा तेवढ्याला पुरली. सुपारीच्या हंगामात सोलणाऱ्या बायका आज या अंगणात, उद्या त्या. बंगारी आता प्रत्येक अंगणात बोलू लागली.

"तुझ्या दिराची घंटा आहे ना पंडिताकडे? कसा आहे तो?"

"अय्यो, त्याला जाऊन दोन वर्षं झाली की."

"मग घंटा कोणासाठी वाजते?"

विळ्या थांबायच्या. कुणी असा विचारच केला नव्हता. ज्या घरात माणूस गेलं त्या घरच्यांनी पंडिताच्या दारात जायचं नाही, औषध बाटतं, अशी तिकडची रीत. त्यामुळे गेलेल्यांच्या घंटा बांधलेल्याच राहत, आणि जगलेल्यांत मोजल्या जात.

एकेक घर तिने वळवलं. ज्याने घंटा बांधली त्याच्या घरच्या माणसानेच ती सोडायची, एवढंच तिचं सांगणं. कन्ने नावाच्या म्हातारीने मात्र नकार दिला.

"ती वाजते तोवर माझा मुलगा कुठंतरी आहे असं वाटतं गं."

"त्या आवाजाला भुलून दुसरीचा मुलगा खाली येऊन बसतो, अम्मा," बंगारी म्हणाली. म्हातारी रडली. बंगारी उंबऱ्याशी बसून राहिली, तिचे डोळे पुसायला काही पुढे झाली नाही. संध्याकाळी म्हातारी म्हणाली, "रविवारी बस किती वाजता असते?"

जगलेल्यांपैकी एक कमलाक्षी शेट्टी. धडधाकट बाई, छातीतली गाठ गेलेली. ती भेटली तेव्हा बंगारीला आधी कसंतरीच झालं. ही खरंच बरी झाली असेल तर?

कमलाक्षीने सासू आत गेल्याचं पाहिलं आणि आवाज उतरवला. "गाठ छोटी होती तेव्हाच ऑपरेशन झालं माझं. करंट घेतला, इंजेक्शनं घेतली, केस गेले. नंतर अशक्तपणा होता म्हणून सासूबाई पंडिताकडे घेऊन गेल्या."

"मग घंटा तिथं का?"

"दवाखान्यात बांधायला जागा कुठं असते, अक्का?"

बंगारीला हसू आलं. तिम्मा गेल्यापासूनचं ते पहिलंच. "हेच तिथं येऊन सांगशील? मोठ्यांदा?"

कमलाक्षी लगेच हो म्हणाली नाही. पण एका रविवारी आली, स्टुलावर चढली, आणि औषधाला बसलेल्या सगळ्यांकडे तोंड करून म्हणाली, "ही माझी घंटा बांधली तेव्हा मी बरी होऊनच आले होते. डॉक्टरांनी बरी केली मला." रांगेतला एक माणूस बायकोचा हात धरून उठला. त्याच्यामागे आणखी काही उठले.

त्याच आठवड्यात भर दुपारी दुग्गप्पा बंगारीच्या दारात येऊन उभा राहिला. तिकडे आलेल्याला पाणी आणि गूळ देतात. तिने पाणी दिलं, गूळ दिला नाही.

"अजून काय हवंय तुला?"

"तुमच्या तोंडून एक वाक्य. ह्या रोगावर माझ्याकडे औषध नाही, असं सगळ्यांसमोर म्हणा."

"कावीळ उतरवतो मी. नागीण बरी करतो. ह्यावर वडील देत होते तेच देत आलो. वाईट झालं म्हणून सांगायला माझ्याकडे कधी कुणी आलंच नाही, बंगारक्का. मी आपल्या घंटा ऐकत राहिलो."

"आम्ही यायचं नाही ही रीत तुमच्याच घराण्याची. मग तुम्ही यायचं होतंत विचारायला."

"तुमची घरं लांब..."

"आज कसा सापडला रस्ता?"

दुग्गप्पाने तांब्या खाली ठेवला. आला त्याच रस्त्याने निघून गेला.

ते वाक्य त्याने अजून म्हटलेलं नाही. तुळईला आता थोड्याच घंटा उरल्यात. त्यांच्या घरांचा पत्ता बंगारीला लागलेला नाही. औषधाला माणसं येतात, पण तुरळक. दर रविवारी सकाळच्या बसने बंगारी तिथं जाते, फाटकाजवळच्या कट्ट्यावर तिम्माची घंटा मांडीवर घेऊन बसते, आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाला विचारते, "कुणाला आहे? डॉक्टर काय म्हणाले?" दुग्गप्पाची बायको तिला ताक आणून देते. बंगारी ते पीत नाही. मांजर पितं.