पत्र्या क्लेमचं कुंपण

कल्लारा गावात क्लेम ट्रेव्होरोचं आडनाव विचारलंत तर लोक डोकं खाजवतील. 'पत्र्या क्लेम' म्हणालात तर शेंबडं पोरही तुम्हाला दारापर्यंत सोडायला येईल. गव्हाच्या शेतांमध्ये वसलेल्या या गावात जवळजवळ प्रत्येक परसाला जे फिकट हिरवं, माणसाच्या डोक्याहून उंच पत्र्याचं कुंपण आहे, ते त्याच्या हातचं. जुनं लाकडी कुंपण वाळवीने पोखरलं, उत्तरेच्या वाऱ्याने कललं, की लोक क्लेमला बोलावत. तो आपली गाडी घेऊन हजर. फळ्या उपटायच्या, लोखंडी खांब रोवायचे, पत्रे खाचेत सरकवायचे, आणि संध्याकाळी हात धुऊन गार बिअर उघडायची. "चाळीस वर्षं बघावं लागणार नाही," असं तो प्रत्येकाला सांगायचा. पत्र्याची त्याने जेवढी स्तुती केली, तेवढी लग्नाच्या बायकोची केली असती तर डोरीन बिचारी सुखावली असती.

आणि हाच माणूस काम बंद केल्यावर वर्षाच्या आत स्वतःच्याच पत्र्याच्या कुंपणाला जुनी लाकडं ठोकायला लागला. क्लबात बोलिंगच्या हिरवळीवर हसून हसून लोकांची पुरेवाट झाली. "अरे, खाटीक भाजीचं दुकान टाकतोय!" कुणी म्हणालं. "क्लेम, आम्हाला चाळीस वर्षांचं सांगितलंस आणि तू दहातच कंटाळलास होय?"

कंटाळलाच होता तो. उभ्या आयुष्यात दिवसाउजेडी परसात बसायला त्याला सवड मिळाली नव्हती. आता मिळाली, तर समोर काय? जानेवारीच्या, म्हणजे इकडच्या भर उन्हाळ्यातल्या उन्हात तापलेला लांबलचक पत्रा. दुपारी त्याच्याकडे नुसतं बघितलं तरी डोळ्यांत पाणी यायचं. पक्षीदेखील त्यावर क्षणभर टेकून पाय पोळल्यासारखे उडून जायचे.

"गावाला विकलास ना इतकी वर्षं," डोरीन चहाचा कप त्याच्या हातात देत म्हणाली, "आता बस त्याच्यासमोर."

शेडच्या मागे लोकांच्या कुंपणांच्या जुन्या फळ्यांचा ढीग पडलेला होता. रेड गम, म्हणजे इथल्या नदीकाठच्या निलगिरीचं लाल, दगडासारखं लाकूड. पन्नास-साठ उन्हाळे खाऊन बाहेरून राखाडी झालेलं, पण तासलं की आत अजून लालबुंद. फेकायचा जीव होत नाही म्हणून त्याने ते ठेवलं होतं. डोरीन त्याला अडगळ म्हणायची. आता त्या अडगळीला दिवस आले.

पण कुंपणाची खरी गोष्ट लाकडाची नाही. ती पलीकडच्या इल्मा श्रायबरची आहे.

पूर्वी या दोन परसांच्या मध्ये खांद्याएवढं लाकडी कुंपण होतं. सकाळी इल्मा आपला कॉफीचा कप घेऊन यायची, इकडून क्लेम आणि डोरीन चहा घेऊन जायचे, आणि कुंपणावर कोपरं टेकून तिघं गावाची धुणी धुवायचे. इल्माच्या हातचा साखरेच्या चुऱ्याचा केक याच कुंपणावरून यायचा. तिच्या बाजूने कुंपणावर स्वीट पीचे, म्हणजे सुवासिक फुलांचे वेल असायचे. इकडे सगळेच स्वीट पीचं बी मार्चमध्ये सेंट पॅट्रिकच्या दिवशी टाकतात. इल्मा एकही साल चुकली नव्हती. सप्टेंबरात अख्खं कुंपण जांभळं-गुलाबी होऊन जायचं.

मग तिचा नवरा अर्नो आजारी पडला. मोठ्या शहरातल्या हॉस्पिटलात त्याच्या उशाशी इल्मा दिवसचे दिवस बसून होती. सामाईक कुंपण बदलायचं तर इथे दोन्ही घरांची संमती लागते. क्लेमने भेटायला गेल्यावर अर्नोच्या कानावर घातलं, अर्नोने मान हलवली. क्लेमला खरंच वाटलं, बाई परत येईल तेव्हा तिला नवं कुंपण तयार दिसेल, तेवढीच एक काळजी कमी. त्याने त्याचा एक पैसाही घेतला नाही. इल्मा परतली ती अर्नोला पुरायलाच. तिने मागचं दार उघडलं तर समोर हिरवा पत्रा, आणि फुलांनी डवरलेले वेल कुजक्या फळ्यांसकट कचऱ्याच्या ढिगात.

"मला विचारायचं होतंस," ती एवढंच म्हणाली.

त्यानंतर तिने या घराशी बोलणं टाकलं. रस्त्यात समोर आली तर मान हलवायची, पण शब्द नाही. डोरीनने दोनदा केक नेऊन दिला. थाळी धुऊन, पुसून, पायरीवर परत आलेली असायची. क्लेम वरवर म्हणायचा, "बाईचं डोकं आहे, शांत होईल." पण ती शांत झाली नाही, आणि ही गोष्ट त्याला आतून कुरतडत होती. सकाळचा चहा तो उभ्यानेच प्यायचा आणि आत जायचा.

तर फेब्रुवारीत क्लेमने कामाला हात घातला. पद्धत त्याला कुणी शिकवायला नको होती. पत्र्याला भोक पाडायचं नाही. लोखंडी खांबांना आडव्या पट्ट्या घट्ट करायच्या, आणि त्यांच्यावर उभ्या फळ्या. खाली जमिनीपासून चार बोटं अंतर ठेवायचं, म्हणजे वाळवी चढत नाही. फळ्या त्याने मुद्दाम लहानमोठ्या लावल्या, कुठे गाठ, कुठे जुन्या खिळ्याचा गंजका डाग. डोरीनलासुद्धा आवडलं, पण ती म्हणाली, "बरं दिसतंय," इतकंच. तिच्याकडून एवढं म्हणजे गावजेवण.

मधल्या भागात मात्र पट्टी वजनाने वाकायला लागली. नवा खांब रोवायचा म्हणजे दोन दिवस खणायचं. क्लेमने मनाशी म्हटलं, जाऊ दे, पलीकडे कोण येतंय कुंपणापाशी! आणि लांब स्क्रू घेऊन पट्टी थेट पत्र्यात पिळून टाकली. जो माणूस दुसऱ्याच्या कुंपणावर असं काम करणाऱ्याचे कान उपटायचा, त्याने हे केलं.

दोन दिवसांनी पुढच्या दारावर टकटक झाली. इथे ओळखीचं माणूस मागच्या दाराने येतं. पुढचं दार वाजलं म्हणजे पोलीस तरी, नाहीतर धर्माची पुस्तकं वाटणारे. क्लेमने दार उघडलं तर इल्मा. हातात उभी फाटलेली पांढरी चादर.

"क्लेम," ती म्हणाली, "तुझे दात माझ्या बाजूला आलेत."

"काय आलेत?"

"वाऱ्याने चादर कुंपणावर गेली, ती ही अशी परत आली. येऊन बघ. आणि जे काही कापायचं मशीन असेल ते घेऊन ये."

क्लेम ग्राइंडर घेऊन तिच्या मागोमाग गेला, शाळेतल्या मास्तरांच्या मागून पोर जातं तसा. इतक्या वर्षांत त्याने तिच्या परसात पाऊल ठेवलं नव्हतं. हिरव्या पत्र्यातून स्क्रूंची टोकं रांगेने बाहेर आली होती, खरंच दातांसारखी. पण त्याचं लक्ष त्याच्यावर राहिलंच नाही. कुंपणाला लागून वावभर रुंदीची जमीन पार भाजून गेली होती. गवताची काडी नाही. दुपारचं ऊन पत्र्यावर आपटून इथेच उतरत होतं. आणि इल्माची वेताची खुर्ची कुंपणाकडे पाठ करून, घराच्या भिंतीकडे तोंड करून ठेवलेली होती.

क्लेमला स्वतःची लाज वाटली. आपण आपल्या डोळ्यांना गारवा करून घेतला, आणि हिच्याकडे हा भाजणारा पत्रा तसाच राहिला. एवढंच नाही, हिच्याकडे कुणी राहतं हेच आपण धरलं नाही.

त्याने टोकं कापली, कानशीने घासली, हात फिरवून पाहिलं. इल्मा झारी घेऊन कुंड्यांना पाणी घालत होती.

"इल्मा," शेवटी तो म्हणाला, "चुकलं माझं. स्क्रूचं नाही म्हणत. ते तर चुकलंच. तुला न विचारता पत्रा लावला, ते पहिलं चुकलं. तू सांग काय करू. सगळी लाकडं तिकडून काढतो आणि तुझ्या बाजूला लावतो. उद्याच."

"लाकडाचं काय घेऊन बसलास!" झारी खाली आपटत इल्मा म्हणाली. "फुलांचं मला वाईट वाटलं, हो, वाटलं. पण फुलं काय, पुन्हा लावता येतात. अर्नोला पुरून आले, दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीने कॉफी घेऊन इथे आले. उभी राहिले. पलीकडून डोरीनचा आवाज येत होता, तुझा रेडिओ चालू होता. दिसत काहीच नव्हतं. म्हटलं, हाक मारावी. मग वाटलं, पत्र्याला काय हाक मारायची? आणि खुर्ची फिरवली."

क्लेमने ग्राइंडर खाली ठेवला. एवढी वर्षं तो समजत होता, बाई रुसली आहे.

"भोक पाड," इल्मा म्हणाली.

"कशात?"

"तुझ्या त्या चाळीस वर्षांच्या पत्र्यात. इथून इथपर्यंत." तिने हनुवटीखाली हात आडवा धरला आणि मग दोन्ही हात पसरले. "लाकूड नंतर लाव, दोन्ही बाजूंना लाव, नाहीतर लावू नकोस."

"कापला की पत्रा कडेने गंजतो, इल्मा. लटपटतो. मी आयुष्यात असा कुठे कापलेला नाही."

"मग शीक."

त्याने शिकून घेतलं. मधल्या दोन खांबांमधला पत्रा वरून हनुवटीच्या उंचीपर्यंत कापला, ठिणग्यांनी त्याची टोपी दोन ठिकाणी जळाली. कडांना गंजरोधक रंग लावला. ज्या जागी खांब रोवायचा कंटाळा केला होता, तिथे आता दोन दिवस खणून खांब रोवला. रुंद, शेवाळाचे ठिपके असलेल्या सगळ्यात देखण्या फळ्या स्वतःच्या बाजूने उपटून इल्माकडे नेल्या. आपल्याकडे उरलंसुरलं लावलं. कापलेल्या जागी वर रेड गमची जाड फळी आडवी टाकली, कप ठेवता येईल अशी. क्लबात लोकांनी पुन्हा चेष्टा केली, "आता खिडकीला पडदे कधी?" क्लेम त्यांच्यावर डाफरला नाही, यावरून लोक काय ते समजले.

काम झालं त्या दिवशी इल्माने फळीवरून हात फिरवला, "ठीक आहे," म्हणाली आणि आत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी क्लेम आणि डोरीन चहा घेऊन बाहेर बसले. ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. क्लेम सारखा कुंपणाकडे बघत होता. सवय मोडली असेल. या वयात मोडलेलं जुळतंच असं कुठे आहे?

"टक लावून बघू नकोस," डोरीन म्हणाली, "चोरासारखा दिसतोस."

चौथ्या दिवशी कप ठेवल्याचा आवाज आला. दोन कोपरं फळीवर टेकली आणि मधून इल्माचा चेहरा वर आला. तिने त्यांचं परस या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश पाहिलं.

"डोरीन, तुझं लिंबाचं झाड कुठे गेलं?"

"मेलं ग. चार वर्षं झाली असतील."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"कुठून सांगणार होते?"

डोरीनने डोळे पुसले आणि ती उगाच पदराशी खेळावं तशी एप्रनची दोरी ओढत बसली. इल्मा खाली वाकली, कुठेतरी खुडबुड झाली, आणि फळीवर मातीच्या कुंडीतलं हातभर उंचीचं लिंबाचं रोप आलं.

"हे घ्या. पण याला या क्लेमपासून लांब ठेव. बिअर प्यायला की रात्री तो झाडामागे जातो, मला काय माहीत नाही होय? पहिलं त्यानेच मारलं असेल."

"अग, लिंबाला ते चांगलं असतं!" क्लेम म्हणाला, आणि डोरीन हसली ती ठसका लागेपर्यंत.

त्याने शेडमधून फावडं आणलं. जुन्या झाडाची जागा मोकळीच होती, शेडच्या आडोशाला. तो तिथे गेला, फावडं टेकवलं आणि थांबला. मग ते उचलून परसाच्या मधोमध आला आणि कुंपणाकडे वळला.

"कुठे लावू, इल्मा? तुला तिथून दिसेल असं सांग."

इल्माने कॉफीचा घोट घेतला. घाई नव्हती तिला.

"डावीकडे," ती म्हणाली. "अजून. अजून जरा डावीकडे."