ब्लाझेयचं बोट

झिआरच्या दरीत अठ्ठावीस हिवाळे बर्फात खड्डे खणण्यात घालवलेला ब्लाझेय तसा तऱ्हेवाईकच. उतारावरचा बर्फ कोसळेल की टिकेल, हे सांगणं त्याचं काम. खड्ड्याच्या भिंतीवरून तो उघडं बोट वरून खाली हलकेच फिरवायचा. मध्ये कुठे साखरेसारखा सुटा, रवाळ थर लागला की समजायचं, वरचा सगळा भार त्याच्यावरून घसरणार. नवी पोरं फावडं ठोकून परीक्षा घेत, तेव्हा हा त्यांची खिल्ली उडवी. "फावड्याला काय कळतंय? बोट खोटं बोलत नाही."

आणि गेली दोन वर्षं त्याचं बोट खोटं बोलत होतं. थंडीने बोटं पार बधिर झाली होती. चहा गरम आहे हे त्याला वाफेवरून कळे. पण झाकली मूठ सव्वा लाखाची. बायकोलाही त्याने पत्ता लागू दिला नव्हता.

आज मात्र त्याच्या जिवाला चैन नव्हतं. आठवडाभर निरभ्र, कडाक्याची थंडी पडली होती, जिच्यात बर्फाचा वरचा थर रवाळ होतो, आणि काल वादळाने त्यावर ढीगभर नवा बर्फ आणून ओतला होता. साखर असायलाच हवी होती. त्याने तीनदा बोट फिरवलं. काही लागलं नाही. वर काठावर त्याची मुलगी दोरोता आठ जणांना घेऊन खिंडीकडे निघण्यासाठी खोळंबली होती. वाटाड्याचं काम तिचं, पण जायचं की नाही हे बापाने सांगायचं.

"बाबा, बोल की. माणसं गारठलीत."

"थांब जरा."

"आज खड्ड्यातच मुक्काम का? आईने तुझ्यासाठी जेवायला हालुश्की केलेत, घरी गार होतील."

'जा' हा शब्द त्याच्या ओठांवर आला होता. तो म्हणाला असता तर ती गेलीही असती. "खाली ये," तो म्हणाला. "हातमोजा काढ आणि तू फिरव बोट."

"का, तुझं बोट रजेवर आहे?" हसत हसत तिने बोट फिरवलं. चाळीस सेंटिमीटरवर ते थांबलं. भिंतीतून पांढरे रवे भुरुभुरु त्याच्या बुटावर सांडले. तिथूनच त्याचं बोट तीनदा गेलं होतं.

"हे तुला लागलं नाही?"

"मला काहीच लागत नाही, पोरी. दोन हिवाळे झाले."

दोरोताने वर पाहून सगळ्यांना परतायला सांगितलं. कुरकुर झाली, तिने ती ऐकून घेतली. मग ती बापाकडे वळली.

"मागच्या मार्चात याच उतारावर तू 'जा' म्हणालास. सहा जण होते माझ्या मागे."

"हो," ब्लाझेय म्हणाला. त्याला तिच्याकडे बघवेना.

तिने त्याच्या हातातली थरांच्या नोंदींची वही ओढून घेतली, चाळीसच्या आकड्यापुढे 'साखर' लिहिलं. मग आपला हातमोजा रागारागाने त्याच्या उजव्या हातात चढवला. तो नुकताच तिच्या हातातून निघाला होता, तेव्हा उबदार असणारच, असं त्याने मनाशी धरलं.