सखूने पाहिलेली ज्योत

मैत्रिणींनो, कॉन्व्हेंटात इस्त्रीत ओला कोळसा पडला की आपले गणवेश काळे व्हायचे, आठवतं?

युद्धामुळे पेट्रोल नाही, म्हणून आमची रिसोडची प्रवासी मोटार कोळशाच्या गॅसवर चालते. तिच्या मागचा गॅस प्लँट मी सांभाळते. आज ती वाटेत केनवडला बंद पडली. जऊळका स्टेशनवरची आगगाडी चुकणार म्हणून सगळे उतारू हवालदिल.

मी मुद्दाम मागे राहिले. माझ्या हाताखाली शिकणाऱ्या सखूने गॅसच्या नळीशी काडी धरली.

"पिवळं जळून राह्यलं. कोळसा ओला हाय."

"बाईले काय समजते?" ड्रायव्हर म्हणाला.

"तुमच्या घरी चूल कोन पेटवते, भाऊ?"

तिने कोळसा बदलला. ज्योत निळी झाली. आगगाडी मिळाली.

माझे डोळे आता धुराने थकलेत. मी काम सोडलं की माझे कामाचे हातमोजे सखूला द्यायचे, तुम्ही साक्षीदार. माझी कोळशाची इस्त्री मात्र ड्रायव्हरला, ओला कोळसा ओळखायला शिकायला.