टाकीच्या डावीकडून

अक्का गेल्याचा भाऊजींचा फोन आला तेव्हा मी मुरूडला माहेरी होते. अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ, भाऊजी त्यांचे यजमान. हिमायतनगरला एकाच घरात आमचं सगळं आयुष्य गेलं. फोन ठेवला आणि डोक्यात पहिला विचार काय आला तर, आता चतुर्थीला गच्चीवर माझ्याबरोबर कोण येणार... मन असं वेडं असतं.

लग्नानंतरची माझी पहिली संकष्टी. शाळेत भूगोल शिकवून आलेली मी, त्यात उपास. भुकेनं जीव जात होता. कॅलेंडरातली चंद्रोदयाची वेळ अजून व्हायची होती आणि त्याआधी सासूबाई पानं वाढायला तयार नव्हत्या. इतक्यात अक्कांनी जिन्यातून हाक मारली, "अगं, चांद वर येऊन बसला, अन् तुमी कागद बघून राहिल्या!" मी धावले. खरंच, लालसर चंद्र चांगला हातभर वर आला होता. "छापलेलं खोटं आसतंय व्हय?" सासूबाई हटेनात. मग मी कॅलेंडर नीट पाहिलं. वेळ मुंबईची होती, आणि आमचं गाव तिच्या कितीतरी पूर्वेला.

बल्ब म्हणजे चंद्र, अक्कांचं डोकं म्हणजे पृथ्वी असं ठरवून मी त्यांना बल्बकडे पाठ करून उभं केलं आणि सावकाश डावीकडे वळायला सांगितलं. उजेड आधी डाव्या गालावर आला, मग नाकावर, शेवटी उजव्या गालावर. "डावा गाल आपलं गाव, उजवा मुंबई," मी म्हटलं. अक्का थबकल्या. "म्हंजी चांद येतच न्हाई. आपुनच त्याच्याकडं जाऊन राहिलो!" त्या एवढ्या हसल्या, की सासूबाईंनी वैतागून पानं वाढली. त्या दिवसापासून अक्का माझ्या झाल्या.

पुढं दर महिन्याला आम्ही दोघी गच्चीवर. पूर्वेला शेजाऱ्यांची पाण्याची टाकी. हिवाळ्यात चतुर्थीचा चंद्र टाकीच्या डावीकडून यायचा, उन्हाळ्यात उजवीकडून. सूर्याचं नेमकं उलटं. तो ज्या अंगानं उगवेल, त्याच्या दुसऱ्या अंगानं हा. "भांडलेल्या जावा जणू," म्हणत अक्का मला कोपरानं ढोसायच्या. आम्हीही भांडलो, मिठावरून, पाहुण्यांवरून, पण चतुर्थीला अबोला टिकत नसे. चंद्र दिसला की एकीला तरी "उगवला" म्हणावंच लागे.

त्यांचा एक हट्ट मात्र होता. दुसऱ्यानं पाहिलेल्या चंद्रावर त्या उपास सोडत नसत. पावसाळ्यात ढगांनी अडवलं तर नुसतं पाणी पिऊन झोपत. अलीकडे गुडघे गेले, दम लागायचा, डॉक्टरांनी जिना बंद केला. तरी, "आपल्यालाच जावं लागतंय त्याच्याकडं," असा माझाच धडा मला ऐकवत त्या कठड्याला धरून चढायच्या. मला धास्ती वाटायची. त्यांच्या शेवटच्या संकष्टीला मात्र खालच्याच पायरीवर बसल्या. "सुनंदा, तू जा." मी वर गेले, पाहिलं, जिन्यात तोंड घालून ओरडले, "अक्का, उगवला!" खाली आले तर त्यांनी पहिला घास घेतलेला. मी बघतच राहिले. "तुझ्या डोळ्यानं बघितला की म्या," म्हणाल्या आणि भाजी वाढून घेतली. मला भरून आलं, आणि फार बरंही वाटलं...

परवा संकष्टी झाली. यंदा घरात सण नाही, उपास मात्र मी मोडला नाही. टाकीच्या डावीकडून चंद्र वर आला आणि सवयीनं मी जिन्यात ओरडले, "अक्का, उगवला!" लगेच जीभ चावली. खाली भाऊजी एकटेच बसले होते. मग भांडी वाजली आणि ते म्हणाले, "मंग मांडतो तिचंबी ताट."